सागरी चाचेगिरीचा खटला भारतात कसा चालतो?

ऑक्टोबर १९९९ मध्ये सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून जपानकडे निघालेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे जहाज चाच्यांनी पळवले. सतरा खलाशांना तराफ्यावर सोडून दिले आणि जहाजाला ‘मेगा रामा’ हे नवे नाव दिले. नोव्हेंबरमध्ये तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने व नौदलाच्या ‘प्रहार’ने अरबी समुद्रात पाठलाग करून पंधरा इंडोनेशियन संशयितांना पकडले. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्यांपैकी चौदा जणांना सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली.

जहाजाचे मालक जपानी, ध्वज पनामाचा, आरोपी इंडोनेशियाचे. भारताचा संबंध आला तो पकडण्यापुरता. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचा अनुच्छेद १०५ कोणत्याही देशाला खुल्या समुद्रात चाचे पकडण्याची आणि आपल्या न्यायालयात शिक्षा ठरवण्याची मुभा देतो. परंतु मुभा म्हणजे दंडविधान नव्हे. भारतीय दंड संहितेत चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. दरोडा, खुनाचा प्रयत्न अशी जमिनीवरची कलमे पाण्यावर लावावी लागत. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १८८ देशाबाहेरील गुन्ह्यांना लागू होई, पण तेही आरोपी भारतीय असला किंवा जहाज भारतात नोंदलेले असले तरच. २०११ मध्ये नौदल व तटरक्षक दलाने चार कारवायांत १२० संशयितांना पकडले. त्यांपैकी पंधरा सोमाली आरोपींना शिक्षा झाली ती २०१७ मध्ये.

ही उणीव ‘सागरी चाचेगिरीविरोधी कायदा, २०२२’ने भरून काढली. चाचेगिरीला जन्मठेप आणि त्यात कोणाचा मृत्यू घडल्यास देहदंडापर्यंत शिक्षा त्यात आहे. खटल्यासाठी नियुक्त न्यायालये आहेत. आरोपीकडे शस्त्रे वा गुन्ह्याची साधने सापडल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत त्यानेच गुन्हा केला असे गृहीत धरता येते. हे कलम जपून वापरायला हवे; सोमाली किनाऱ्यावर साधा मच्छीमारही बंदूक बाळगू शकतो.

साक्षीपुराव्याची अडचण मात्र कायद्याने मिटलेली नाही. मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ जहाजावरील ३५ चाच्यांना भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर शरण आणले. १६ मार्चच्या कारवाईनंतर ते मुंबईत पोहोचले २३ मार्चला. जप्त शस्त्रांचा पंचनामा युद्धनौकेच्या डेकवर करायचा, जबाब दुभाष्याच्या मदतीने घ्यायचे. सुटका झालेले सतरा खलाशी बल्गेरिया, म्यानमार व अंगोला या देशांचे. गोव्याच्या तारवटींना हे सांगायला नको: जहाज बंदराला लागले की खलाशी पांगतात, आणि खटला उभा राहीपर्यंत त्यांतला कोणी दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर दुसऱ्याच महासागरात असतो.