हरवलेल्या भाऊबंदांचा शोध

ग्रीनलंडच्या वसाहतीचा उगम एका गैरसमजांत आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस आइसलंडहून गेलेल्या नॉर्स लोकांनीं या बेटावर वस्ती केली होती. पंधराव्या शतकांत ती नाहींशी झाली. आपले हे भाऊबंद अद्याप जिवंत असतील व धर्मोपदेशावांचून राहिले असतील, या कळवळ्यानें नॉर्वेचा पाद्री हान्स एगेडे १७२१ सालीं बायकामुलांसह बर्गेन बंदरांतून निघाला. जहाजाचें भांडवल व्यापाऱ्यांचें होतें. त्यांचें लक्ष अर्थातच व्यापाराकडे होतें.

किनाऱ्यास लागल्यावर एगेडेला नॉर्स मनुष्य एकहि आढळला नाहीं. तेथें राहत होते सील माशांची शिकार करणारे, कातड्याच्या होड्यांतून समुद्र आक्रमणारे इनुइट लोक. आतां उपदेश करावयाचा तर त्यांचीच भाषा शिकणें प्राप्त झालें. एगेडेला ती फार जड गेली. त्याचा मुलगा पॉल मात्र इनुइट मुलांबरोबर खेळतां खेळतां ती शिकला. शिकवावयास आलेले प्रथम शिष्य झाले.

पुढें १७३३ सालीं कोपनहेगनहून परतलेल्या एका इनुइट मुलाबरोबर देवीची सांथ आली. हा रोग त्या लोकांनीं कधीं पाहिला नव्हता. वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. एगेडेची पत्नी गेर्ट्रूड रास्क हिनें रोग्यांना घरांत घेऊन त्यांची शुश्रूषा केली. १७३५ सालीं ती निवर्तली व पुढच्या वर्षीं एगेडे मायदेशीं परतला. दया खरी होती. जहाजांतून आलेला मृत्युहि तितकाच खरा होता.

१७७६ सालीं व्यापाराचा मक्ता राजाच्या कंपनीकडे गेला. परंतु पॉलनें १७५० सालीं इनुइट भाषेचा कोश छापला होता व १७६६ सालीं बायबलचा नवा करार त्या भाषेंत आणला होता. १८६१ पासून तींत वृत्तपत्रहि निघूं लागलें. उपदेशासाठीं लिहिली गेलेली भाषा अशा रीतीनें तिच्या धन्यांच्या हातीं आली. १९५३ सालीं वसाहतीचा दर्जा संपला, १९७९ सालीं अंतर्गत स्वराज्य मिळालें आणि २००९ सालीं हीच भाषा राजभाषा ठरली.

राजधानी नूक येथील एगेडेचा पुतळा काढावा कीं ठेवावा, यावर २०२० सालीं तेथील नागरिकांचें मत घेण्यांत आलें. कौल ठेवण्याकडे पडला. पाहुण्याची जागा ठरविण्याचा अधिकार, जवळजवळ तीनशें वर्षांनीं, यजमानाकडे आला होता.