चिमटा, हवा आणि सेमाडोहची वाट

परतवाड्याहून धारणीस जाणारा रस्ता घटांगच्या बाजूने मेळघाटात शिरतो व सेमाडोहास सिपना नदीला भेटतो. अशा डोंगरी वाटेवर सायकलस्वाराची मनगटे आधी बोलू लागतात. पुढच्या चाकाचा हादरा हातांपर्यंत येतो तो चिमट्यातून, म्हणजे ज्यास फोर्क म्हणतात त्यातून. तेव्हा हा चिमटा पोलादाचा बरा, ॲल्युमिनियमचा की कार्बन तंतूंचा, हा वाद हौशी स्वारांत रंगावा हे स्वाभाविकच आहे. परंतु इतिहास पाहू जाता, चिमट्याच्या धातूस मिळणारे पुष्कळसे श्रेय दुसऱ्याचेच आहे, असे आम्हांस वाटते.

१८६०-७० च्या सुमाराची सायकल म्हणजे लाकडी चाके व त्यांवर बैलगाडीसारखी लोखंडी धाव. इंग्रजांनी तिला हाडे खिळखिळी करणारी असेच नाव दिले! त्यावर उपाय म्हणून सांगाड्यातच स्प्रिंगा घालण्याचे प्रयोग झाले. १८८५ ची ‘व्हिपेट’ सायकल त्यांपैकीच. १८८८ साली बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीस हवा भरलेली रबरी धाव बसविली, आणि थोड्याच वर्षांत रस्त्यावरील सायकलींच्या सांगाड्यांतून स्प्रिंगा बहुतेक नाहीशा झाल्या. खरा निकाल त्याच वेळी लागला होता.

पुढे पोलादाची नळी सुधारली. रेनॉल्ड्स यांनी १८९७ त टोकांशी जाड व मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले, १९३५ त ‘५३१’ हे मिश्रपोलाद आले, आणि पुढे वाकविलेला बारीक टोकांचा पोलादी चिमटा मऊ चालतो ही श्रद्धा रूढ झाली. आपल्या खेड्यांतील काळ्या सायकलीचा चिमटाही तसाच वाकलेला. पण तिचा टायर दीड इंची, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटरचा; १९९० च्या दशकातील शर्यतीच्या सायकलीचा साधारण २३ चा. शिवाय ओझ्याच्या सायकलींच्या चिमट्यास लोक सळ्यांचा जादा आधार लावीत. म्हणजे जी लवचिकता वाखाणावयाची तीच जखडून टाकावयाची!

कार्बनचा गुण आम्ही नाकारीत नाही. पोलादी चिमट्याच्या निम्म्याच्या आसपास वजनात तो तेवढेच बळ देतो, तंतूंचे थर कसे रचावेत हे कारागिराच्या हाती असते, आणि खरखरीत डांबरावरची बारीक थरथर तो काहीशी शोषतो. खड्ड्याचा दणका ही निराळी गोष्ट. तेथे टायर जितका दबतो, त्यापुढे कोणत्याही ताठ चिमट्याचे लवणे अल्पच. फ्रान्समधील पारी-रूबे ही दगडी फरसबंदीवरची शर्यत द्युक्लो-लासाल यांनी १९९२ व १९९३ त स्प्रिंगचा चिमटा लावून जिंकली खरी. पण तो चिमटा तेथे टिकला नाही, टायर मात्र रुंदावत ३० मिलिमीटरपलीकडे गेले.

म्हणून सेमाडोहकडे निघणाऱ्याने चिमटा कशाचा आहे यापेक्षा त्यात किती रुंद टायर मावतो, हे आधी पाहावे. आणखी एक व्यवहाराची बाब. पोलादी चिमटा आदळला तर बहुधा वाकतो, आणि वाकलेला डोळ्यांना दिसतो. कार्बनची इजा आतल्या थरांत दडून राहू शकते. मग घाटाच्या उतारावर तो एकाएकी तुटण्याचा धोका असतो.