बंडगार्डनचा बंधारा आणि संगमावरच्या होड्या

बंडगार्डन या नावातला 'बंड' म्हणजे बंधारा, हे शाळेत असताना आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? बंधारा आधी आला, बाग नंतर. १८५० साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या मोठ्या आधाराने मुळा-मुठेवर तो बांधला गेला. हेतू होता कॅम्पाला पाणी पुरवण्याचा. पाणी अडलं आणि बंधाऱ्याच्या मागे, संगमाच्या दिशेने, नदी उन्हाळ्यातही भरलेली राहू लागली. पुण्यातल्या नौकानयनाची गोष्ट या अडलेल्या पाण्यापासून सुरू होते.

आपल्याकडच्या नद्या श्रावणात दुथडी आणि वैशाखात गुडघाभर. अशा नदीत वल्ह्यांची होडी वर्षभर चालत नाही. तिला संथ, खोल पाणी लागतं. ते बंधाऱ्याने दिलं. १८६८ मध्ये इथे इंग्रजांचा बोट क्लब निघाला, तोच आजचा रॉयल कॅनॉट बोट क्लब. पुढे खडकवासल्याचं धरण झालं, कालव्याने शहराला आणि कॅम्पाला पाणी मिळू लागलं आणि बंधाऱ्याचं मूळ काम मागे पडलं. होड्यांचं काम मात्र चालूच राहिलं.

दरम्यान संगमाजवळ, मुळेच्या काठी, अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं होतं. १८५४ मध्ये छोट्या शाळेच्या रूपात सुरू झालेल्या या संस्थेच्या इमारतीची कोनशिला १८६५ साली बसली. १९२८ मध्ये तिथे विद्यार्थ्यांचा बोट क्लब स्थापन झाला. साहेबांच्या करमणुकीचा हा खेळ आता गावोगावाहून शिकायला आलेल्या मुलांच्या हातात आला. त्यांचा रेगाटा पुणेकरांच्या परिचयाचा आहे: शेल, पंट आणि कयाक या होड्यांची पाण्यावरची रचना आणि अंधार पडल्यावरचं मशालनृत्य. आपल्यापैकी काही जणांनी तो काठावर बसून पाहिला असेल, काही जणांनी पाण्यातूनही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं. आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेला तो लोंढा मुठेतून खाली संगमाकडेच आला. नदीकाठी राहणं म्हणजे काय, हे त्या दिवशी साऱ्या शहराला कळलं. आजही खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला, की संगमाखालच्या पाण्यात होडी घालता येत नाही. म्हणून हंगामाची खरी सुरुवात पावसाळा ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास.

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या क्लबची एक अडचण बाहेरून लक्षात येत नाही. दर चार वर्षांनी इथली सगळी माणसं बदललेली असतात. ज्याला नीट येऊ लागतं, तो पदवी घेऊन निघून जातो. पोहता येतं का ते पाहूनच नव्या मुलाला होडीत घेणं, लाकडाच्या भेगा बुजवून वॉर्निश देणं, होडी उलटली तर तिला सोडून पोहत न सुटणं, हे सगळं शेवटच्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं असतं. आठ जणांची शर्यतीची होडी जवळपास १८ मीटर लांब असते आणि वजन शंभर किलोच्या आसपास. ती खांद्यावर घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, तर नऊ जणांचं एकमेकांशी जमावं लागतं. एखाद्या तुकडीने शिकवणं सोडलं, तर पुढची तुकडी कोरी राहील. ही साखळी १९२८ पासून तुटलेली नाही, याचं मला कोणत्याही पदकापेक्षा अधिक कौतुक वाटतं.

पदकंही आहेत. दुष्काळी चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ लष्करात भरती झाल्यावर पुण्यात वल्हवायला शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदकाचा मानकरी झाला. जिथे प्यायच्या पाण्याची वानवा, तिथल्या मुलाला या शहराने वल्हं दिलं.

पण एक गोष्ट कोणतीही तुकडी पुढच्या तुकडीच्या हाती देऊ शकत नाही, ती म्हणजे पाणी. शहराचं सांडपाणी शुद्ध न होता नदीत उतरतं. त्यातल्या नत्र आणि स्फुरदावर जलपर्णी पोसते आणि बघता बघता पात्र झाकून टाकते. तिच्या जाळ्यात वल्ह्याचं पातं घुसत नाही, घुसलं तर निघत नाही. मग सरावाची सकाळ जलपर्णी ओढण्यात जाते. नदीकाठ सुधार प्रकल्पाचं भूमिपूजन २०२२ मध्ये झालं. तिन्ही नद्या मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा तो पट्टा. काठ बांधावेत की नाही, झाडांचं काय, यावर शहरात मतभेद आहेत आणि ते असायलाही हवेत. काठ कसाही झाला तरी मधलं पाणी स्वच्छ नसेल, तर त्यावर होडी कशी चालणार?

येणारे हंगाम म्हणूनच महत्त्वाचे. २०२८ मध्ये या बोट क्लबला शंभर वर्षं होतील. मित्रमैत्रिणींनो, आज आपल्यापैकी बरेच जण आपापल्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत. तळघरातला एसटीपी खरोखर चालू आहे, की वीजबिल वाचवायला बंद ठेवलाय, एवढं एकदा विचारा. आपल्या घरातलं पाणी शेवटी त्याच संगमाकडे जातं. आणि सर, बाई, सहलीसाठी जागा शोधत असाल, तर आपल्या शाळेच्या मुलांना एकदा रेगाट्याला घेऊन या. नदी ही नुसती पुलावरून नाक दाबून ओलांडायची गोष्ट नाही, हे त्यांना लहानपणीच दिसू दे. शंभराव्या वर्षी वल्ही त्यांच्यातल्याच कुणाच्या हातात असतील.