रुमाल, पुडके आणि फोल्डर

परवा सावेडीतल्या घरी नातू माझे लेख संगणकावर लावून देत होता. म्हणाला, "आजोबा, हे उलटं झाड आहे." मूळ वर, फांद्या खाली. मला आमची वंशावळ आठवली. तीही मूळपुरुषापासून खालीच उतरते.

फाईलचा पत्ता म्हणजे मुळापासून तिच्यापर्यंतची वाट. अशी रचना १९६५ साली मल्टिक्स या अमेरिकन प्रकल्पाच्या आराखड्यात मांडली गेली. डॉसमध्ये फोल्डरात फोल्डर १९८३ साली आले. पुण्याच्या पेशवे दप्तरातली रुमाल, पुडके, कागद ही उतरंड मात्र त्याहून कितीतरी जुनी. (रुमाल म्हणजे कागद बांधायचं फडकं, खिशातला नव्हे!)

या झाडात एक खोच आहे. एका कागदाला एकच फांदी. आमचा नगरचा किल्ला १७५९ साली कविजंगाकडून पेशव्यांकडे आला, १७९७ साली दौलतराव शिंद्यांकडे गेला, १८०३ साली वेलस्लीने घेतला. मग किल्ल्याविषयीचं पत्र कोणत्या रुमालात बांधायचं? रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागद ४५ खंडांत विषयवार छापले, तेव्हा कुठे वाचकाला दुसरी वाट मिळाली.

मी मात्र आईच्या पत्रांचे फोटो 'आई'मधून 'जुने'मध्ये हलवले आणि विसरलो. महिनाभर, गेली पत्रं, म्हणून हळहळत होतो. मूळ पत्रं तर वाळवीने केव्हाच खाल्लेली. फोटो होते तिथेच होते, पत्ता तेवढा बदलला होता. आता नातवाने 'आई'मध्ये त्यांचा शॉर्टकट ठेवलाय.