रंगांनीं वांटलेली सुटी

कारखाना सातहि दिवस चालावा, आणि तरीहि प्रत्येक कामगारास सुटी मिळावी, हें कोडें वरवर पाहतां निव्वळ हिशेबाचें वाटतें. सोव्हिएट रशियानें तें १९२९ सालीं हिशेबानेंच सोडविलें. पहिली पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती. यंत्रें मोलाचीं व तुटपुंजीं. तीं रविवारीं स्वस्थ उभीं राहतात हें राज्यकर्त्यांस खुपत होतें. मे महिन्यांत यूरी लारिन यानें सोव्हिएट काँग्रेसपुढें अखंड आठवड्याची कल्पना मांडली. २६ ऑगस्ट रोजीं तसा हुकूम निघाला व १ ऑक्टोबरपासून अंमल सुरू झाला.

योजना दिसावयास मोठी सुबक होती. आठवडा पांच दिवसांचा. कामगारांचे गटहि पांच, आणि प्रत्येक गटास एकेक रंग: पिवळा, गुलाबी, तांबडा, जांभळा व हिरवा. आपल्या रंगाचा दिवस आला कीं सुटी, इतर चार दिवस काम. त्यामुळें कोणत्याहि दिवशीं शंभरांतील ऐंशीं माणसें कामावर हजर असावयाचीं. सर्वांचे म्हणून पांच राष्ट्रीय सण तेवढे राखले होते. ते वगळून कारखाना वर्षांतून ३६० दिवस चालावयाचा, आणि प्रत्येकाच्या वांट्यास ७२ सुट्या यावयाच्या. बावन्न रविवार देऊन बहात्तर सुट्या घेण्याचा हा सौदा! कागदावर तरी तक्रारीस जागा नव्हती. रविवार नाहींसा झाला म्हणजे देवळाची वाटहि ओस पडेल, असाहि एक हेतु त्यांत होताच.

तक्रार आली ती घरांतून. नवरा पिवळ्या गटांत, बायको हिरव्या गटांत, आणि मुलें त्या दिवशीं शाळेंत. स्नेह्यांकडे जावें तर तेहि कामावर. एकट्यानेंच भोगावयाची सुटी ती सुटी कसली, अशा आशयाचा मजकूर ‘प्रावदा’ पत्रांतहि छापून आला. एका घरांतील माणसांना एकाच दिवशीं मोकळीक द्यावी, असें सरकारनें १९३० सालीं सांगून पाहिलें. पण नवराबायको दोन निरनिराळ्या कारखान्यांत असलीं, तर हा मेळ घालावयाचा कोणीं?

यंत्रांनाहि हा क्रम मानवला नाहीं. रविवार हा त्यांच्या तेलपाण्याचा व डागडुजीचा दिवस होता, तो गेला. शिवाय नेहमींचा कामगार सुटीवर गेला कीं यंत्रावर बदली माणूस येई, आणि बिघाड झाला तर तो कोणाच्या हातून झाला हें ठरेना. २३ जून १९३१ च्या भाषणांत खुद्द स्टॅलिननें या बेजबाबदारीचें खापर घाईनें लादलेल्या अखंड आठवड्यावर फोडलें. १ डिसेंबरपासून पुष्कळ ठिकाणीं सहा दिवसांचा आठवडा आला. ६, १२, १८, २४ व ३० या तारखांस सर्वांनाच एकदम सुटी. खेड्यांतील शेतकरी मात्र बहुतेक जुनाच आठवडा धरून राहिला होता.

२६ जून १९४० च्या हुकुमानें सात दिवसांचा आठवडा व रविवार शहरांतहि परत आला. त्याच हुकुमानें कामाचा दिवस आठ तासांचा केला, आणि परवानगीवांचून नोकरी सोडणें हा गुन्हा ठरविला.