पैसा शाळेला द्यायचा की मुलाला? एका कागदाची सत्तर वर्षांची गोष्ट

आजचा भाग करांबद्दल आहे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! कारण या करांच्या गोष्टीत शाळा आहे, कोर्ट आहे, पाच वर्षं कुलूप लागलेले वर्ग आहेत आणि एकमेकांशी अजिबात न जुळणारी दोन माणसं एकाच बाजूला उभी आहेत.

प्रश्न सोपा आहे. सरकार शिक्षणासाठी लोकांकडून कर घेतं. तो पैसा शाळेला द्यायचा, की मुलाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, जा बाळा, हवी ती शाळा निवड?

हा प्रश्न अर्थशास्त्राच्या भाषेत नीट मांडला मिल्टन फ्रीडमन यांनी, 1955 साली. शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक, खुल्या बाजाराचे कट्टर समर्थक. पुढे 1976 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, कारण एक मूल शिकलं की फायदा सगळ्या समाजाचा होतो. पण खर्च उचलणं वेगळं आणि शाळा चालवणं वेगळं. सरकारने पालकांना ठरावीक रकमेचा एक कागद द्यावा, म्हणजे व्हाउचर. पालक तो मान्यताप्राप्त शाळेत देतील आणि शाळा सरकारकडून पैसे घेईल. मग शाळांना मुलांसाठी धडपडावं लागेल.

याच वर्षी फ्रीडमन भारतातही आले होते, बरं का. भारत सरकारच्या निमंत्रणावरून. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची तयारी चालू होती, सगळीकडे पोलाद आणि अवजड यंत्रांची भाषा होती. फ्रीडमन यांनी सरकारला जे टिपण दिलं त्यात एक मुद्दा असा, की देशाची खरी उत्पादक ताकद यंत्रांपेक्षा माणसांत असते. तो सल्ला दिल्लीने फारसा मनावर घेतला नाही. असो.

आता अमेरिकेत शाळांचा पैसा येतो कुठून, ते बघू. तिथे शाळांचा मोठा खर्च राज्य सरकार आणि स्थानिक संस्था उचलतात. स्थानिक वाटा मुख्यतः मालमत्ता करातून येतो, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीतून. याचा परिणाम काय? ज्या भागात घरं महाग, तिथे घरपट्टी जास्त जमते आणि शाळा सुधारते. शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग होतात. 1956 मध्ये चार्ल्स टीबू या अर्थतज्ज्ञाने मांडलं, की लोक पायांनी मतदान करतात. ज्या गावाचे कर आणि सोयी पटतील तिथे जाऊन राहतात.

इथेच खुल्या बाजारवाल्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो. श्रीमंताला शाळा निवडता येतेच. तो घर बदलतो. अडकतो तो गरीब. कर तोही भरतो, भाड्यातून का होईना, पण त्याच्या पत्त्यावर जी शाळा येईल ती मुकाट्याने घ्यायची. पुण्या-मुंबईत चांगल्या शाळेजवळ फ्लॅट शोधणारे आईबाप पाहिले असतील, तर हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

पण कागदावरची कल्पना जमिनीवर उतरली ती आधी फार वाईट हातांत. 1954 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्या खटल्यांपैकी एक होता व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीचा. तिथे 1951 मध्ये बार्बरा जॉन्स नावाच्या 16 वर्षांच्या मुलीने पडक्या शाळेविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवला होता.

निकालानंतर काउंटीने काय करावं? 1959 मध्ये शाळांसाठी कर लावायलाच नकार दिला! कर नाही, म्हणजे सरकारी शाळा नाही. सगळ्या शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उघडली आणि पुढच्या वर्षापासून तिच्या फीसाठी सरकारी अनुदानही मिळू लागलं. काळी मुलं मात्र घरी. एक-दोन महिने नाही, पाच वर्षं. काहींना नातेवाइकांकडे परगावी धाडलं, काहींचं शिक्षण तिथेच संपलं. शेवटी 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या.

फ्रीडमन यांना हे हवं होतं का? नाही. मूळ निबंधाच्या एका तळटीपेत त्यांनी वंशभेदाचा निषेध केला होता आणि निवडीचं स्वातंत्र्य मिळालं तर सरमिसळ हळूहळू वाढेल अशी आशा धरली होती. पण वेगळं राहण्याचीही सक्ती नको आणि एकत्र येण्याचीही नको, अशी त्यांची भूमिका होती. प्रिन्स एडवर्डने दाखवून दिलं, की निवड करायचा हक्क शाळेच्या हातात राहिला, तर पालकाच्या हातातला कागद निरुपयोगी ठरतो.

आता गोष्ट उलटी फिरते. विस्कॉन्सिन राज्य, मिलवॉकी शहर. अ‍ॅनेट विल्यम्स, सगळे त्यांना पॉली म्हणायचे. कृष्णवर्णीय, डेमोक्रॅट, राज्याच्या विधानसभेच्या सदस्य. जेसी जॅक्सन राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, तेव्हा राज्यातली त्यांची प्रचारमोहीम यांनीच सांभाळली होती. म्हणजे फ्रीडमन यांच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पण त्यांची तक्रार रोखठोक होती. वंशभेद संपवण्याच्या नावाखाली काळ्या वस्तीतल्या मुलांनाच बसमध्ये कोंबून शहरभर फिरवतात, आणि एवढं करून ती शिकत नाहीत ते नाहीतच.

विल्यम्स यांनी रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्पसन यांच्याशी हात मिळवला आणि 1990 मध्ये अमेरिकेच्या मोठ्या शहरातली पहिली आधुनिक व्हाउचर योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी सात शाळा, साडेतीनशेच्या आसपास मुलं, प्रत्येकी सुमारे 2500 डॉलर. खरी गंमत अटींमध्ये आहे. फक्त गरीब कुटुंबं. अर्ज जास्त आले तर लॉटरी, शाळेने मुलं निवडायची नाहीत. वर फी मागायची नाही. बघा, प्रिन्स एडवर्डमध्ये जी दारं उघडी राहिली होती, ती एकेक करून इथे बंद केली होती.

मग गाडी सुटली. 1995 मध्ये मिलवॉकीत धार्मिक शाळांनाही परवानगी मिळाली. 2002 मध्ये क्लीव्हलँडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, की पैसा पालकाच्या निवडीने धार्मिक शाळेत जात असेल तर घटनेचा भंग होत नाही.

मुलं शिकली का? उत्तर एका वाक्यात मावत नाही. वॉशिंग्टन शहरात ज्यांना व्हाउचर देऊ केलं त्यांच्यापैकी 82 टक्के मुलांनी हायस्कूल पूर्ण केलं, लॉटरीत न लागलेल्यांपैकी 70 टक्क्यांनी. परीक्षेतल्या गुणांत मात्र ठोस फरक दिसला नाही. लुइझियानात तर खासगी शाळेत गेलेल्या मुलांचे गणिताचे गुण सुरुवातीला चक्क घसरले. मिलवॉकीत पहिल्या पंचवीस वर्षांत योजनेत आलेल्या खासगी शाळांपैकी सुमारे 41 टक्के बंद पडल्या. समर्थक म्हणतात, बाजार असाच काम करतो, वाईट दुकान बंद पडतं. खरंय. पण वर्षाच्या मध्यात शाळेला टाळं लागलं तर मूल उठून दुसऱ्या दुकानात जात नाही, त्याचं वर्ष जातं.

आणि मग अ‍ॅरिझोना. तिथे 2011 मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी खातं सुरू झालं. त्यातून पालक फी, शिकवणी, पुस्तकं यांचा खर्च करू शकतात. 2018 मध्ये ही सवलत सगळ्यांना द्यावी का, यावर मतदान झालं आणि लोकांनी मोठ्या फरकाने नाही म्हटलं. तरीही 2022 मध्ये विधिमंडळाने ती सगळ्यांना खुली केली. उत्पन्नाची अट नाही. बारा हजारांच्या आसपास असलेली मुलं दोन वर्षांत सत्तर हजारांवर गेली. आणि गंमत म्हणजे, सुरुवातीच्या अर्जदारांपैकी बहुतेक मुलं सरकारी शाळेत नव्हतीच. म्हणजे सरकारी शाळेचा खर्च वाचला नाही, नवा खर्च उभा राहिला. त्याच सुमारास राज्याने आयकर सगळ्यांना सरसकट अडीच टक्के केला. 2024 मध्ये अंदाजपत्रकात सुमारे 1.4 अब्ज डॉलरचा खड्डा. तो कर कमी केल्यामुळे, की खात्यांमुळे, की दोन्हींमुळे, यावर आजही भांडण चालू आहे.

विल्यम्स आणि फ्रीडमन यांची वाट इथेच वेगळी होते. फ्रीडमन यांना पहिल्यापासून सगळ्यांसाठी व्हाउचर हवं होतं. कर सगळेच भरतात, मग हक्क सगळ्यांचा. विल्यम्स शेवटच्या काळात उत्पन्नाची अट काढण्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचा लढा गरिबांसाठी होता, ज्यांना परवडतं त्यांच्या सवलतीसाठी नाही.

मला यात विल्यम्स जास्त पटतात. फ्रीडमन यांची मूळ फोड, खर्च कोणी करायचा आणि शाळा कोणी चालवायची, ही मला आजही मोलाची वाटते. पण सत्तर वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. व्हाउचर चांगलं की वाईट हे त्या कागदावर ठरत नाही, खालच्या बारीक अक्षरांतल्या अटींवर ठरतं.

आपल्याकडेही ही बारीक अक्षरं आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखल्या. पैसे सरकार देणार, प्रवेश लॉटरीने. नाव वेगळं, पण जात व्हाउचरचीच. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेला या जागा देण्याची गरज नाही. एका ओळीचा बदल, आणि शहरांतल्या कितीतरी शाळा या यादीतून बाहेर. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

म्हणून पुढच्या वेळी कोणी टीव्हीवर कर, खर्च आणि शाळा निवडीचं स्वातंत्र्य यावर तावातावाने बोलायला लागलं, की तीन प्रश्न विचारा. निवड कोण करतंय, पालक की शाळा? वरचे पैसे कोण भरतंय? आणि शाळा बंद पडली तर मूल कुठे जाणार? उत्तरं मिळाली तर मलाही कळवा.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात.