एका डासाला एक आणा : बेगमपेटमध्ये हिवतापाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस

हैदराबादच्या जुन्या बेगमपेट विमानतळाजवळ एक जुनी इमारत आहे. आज तिला सर रोनाल्ड रॉस यांचं नाव आहे आणि ती उस्मानिया विद्यापीठाच्या ताब्यात आहे. शेजारच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या अनेकांना तिथे काय घडलं ते ठाऊक नसतं. मलेरिया म्हणजे हिवताप डासामुळे होतो, याचा पहिला पक्का धागा 20 ऑगस्ट 1897 रोजी इथेच हाती लागला. जगभर हा दिवस 'डास दिन' म्हणून पाळतात.

रॉस यांचा जन्म 13 मे 1857 चा, अल्मोड्याचा. वडील फौजेत अधिकारी. मुलाला लेखक व्हायचं होतं, वडिलांनी डॉक्टरकीला घातलं. 1881 मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लागले. सुरुवातीची बरीच वर्षं कविता, कादंबऱ्या आणि गणित यांतच गेली. हिवतापाचा जंतू फ्रेंच डॉक्टर लाव्हरान यांनी 1880 मध्ये अल्जेरियात रक्तात पाहिला होता, पण रॉस यांचा त्यावर विश्वासच नव्हता. 1894 मध्ये रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो दाखवला, तेव्हा कुठे पटलं.

मॅन्सन यांनी हत्तीरोगाचे कृमी डासाच्या अंगात वाढताना पाहिले होते. हिवतापातही डासाचाच हात असावा, असा त्यांचा तर्क होता. मात्र डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने माणूस आजारी पडतो, असं ते समजत. 1895 मध्ये सिकंदराबादला परतल्यावर रॉस यांनी असं पाणीही लोकांना पाजून पाहिलं. हाती काहीच लागलं नाही.

खरी अडचण वेगळीच होती. रॉस ज्या जातींचे डास तपासत होते, त्या माणसाचा हिवताप वाहून नेतच नव्हत्या. त्यात मध्येच कॉलऱ्याच्या कामासाठी बंगळूरला बदली झाली. दोन वर्षं अशीच गेली. 1897 च्या उन्हाळ्यात उटी भागात तपास करताना त्यांना स्वतःलाच हिवताप झाला!

जूनमध्ये ते पुन्हा सिकंदराबादला आले. ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे काही डास मिळाले, म्हणजे आपण ज्याला ॲनोफिलिस म्हणतो तो. हुसेन खान नावाच्या रुग्णाला मच्छरदाणीत निजवून हे डास चावू दिले. मोबदला चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा. हिशेब चोख होता, पण आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही. मग एकेक डास कापून तपासणं सुरू झालं. उकाडा भयंकर, आणि पंखा ओढायचा तर डास उडून जाणार. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. 20 तारखेला एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळ्या कणांच्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी शेवटच्या डासात त्याच पेशी आणखी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे जंतू डासाच्या पोटात वाढत होता.

आता काम पुढे न्यायचं, तोच सरकारी हुकूम आला. बदली उदयपूरजवळच्या खेरवाड्याला, जिथे हिवताप फारसा नव्हताच. मॅन्सन यांनी लंडनहून खटपट केल्यावर 1898 मध्ये त्यांना कलकत्त्यात जागा मिळाली. मुंबईत 1896 साली आलेल्या प्लेगमुळे टोचणीचा धसका सगळीकडे पसरला होता, बोट टोचून रक्त द्यायला कुणी तयार होईना. म्हणून रॉस पक्ष्यांच्या हिवतापाकडे वळले. जुलैमध्ये जंतू डासाच्या लाळग्रंथीत सापडला आणि तो डास चावल्यावर निरोगी चिमण्या आजारी पडल्या. कोडं सुटलं. या कामात त्यांचे सहाय्यक महंमद बक्ष आणि किशोरीमोहन बंदोपाध्याय यांचा वाटा होता. शालेय पुस्तकांत ही नावं क्वचितच दिसतात.

माणसाचा हिवताप ॲनोफिलिसच पसरवतो हे मात्र इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1898 मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे श्रेयावरून वाद पेटला. 1902 चं नोबेल एकट्या रॉस यांना मिळालं. ग्रासींवरचा राग त्यांनी जन्मभर सोडला नाही, हे त्यांच्या मोठेपणाला शोभलं नाही.

ते चुकलेही. आसामात काळा आजाराचा तपास करताना त्यांनी तो हिवतापाचाच प्रकार ठरवला. 1903 मध्ये लीशमन आणि डोनोव्हन यांनी त्याचा वेगळा जंतू दाखवला, तेव्हा त्याला 'लीशमानिया डोनोव्हानी' हे नाव रॉस यांनीच दिलं.

1899 मध्ये भारत सोडून ते लिव्हरपूलला शिकवू लागले. पुढे जुनं गणित कामी आलं. हिवताप हटवायला झाडून सारे डास मारावे लागत नाहीत, त्यांची संख्या ठरावीक मर्यादेखाली आणली तरी साथ आपोआप ओसरते, हे त्यांनी समीकरणांनी मांडलं. तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नाही. साथरोगांच्या गणितात आजही त्याच वाटेने काम चालतं. 16 सप्टेंबर 1932 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.